कळीच्या मानेतून सोळा गुणसूत्रे

या महिन्याच्या टपालातली तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत आणि तिन्ही ठाणे-नवी मुंबई परिसरातून आली आहेत, म्हणून त्यांना एकत्र उत्तर देत आहे. पहिल्या पत्राला बरीच जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न समजला की उरलेली दोन उत्तरे सोपी होतात.

प्रश्न: नौपाड्यात आमची तीस वर्षांपासून लहानशी बेकरी आहे. नात यंदा दहावीत आहे. तिच्या पुस्तकात असे दिले आहे की सूत्री विभाजनात केंद्रकावरण नाहीसे होते, गुणसूत्रे पेशीच्या विषुववृत्तीय प्रतलावर येतात आणि मग दोन्ही ध्रुवांकडे ओढली जातात. यीस्टची वाढ कलिकायनाने होते, हेही तिने शिकले आहे. कळी तर पेशीच्या एका बाजूला फुटते. मग तिथे मध्य प्रतल कुठले धरायचे? आणि कळीपर्यंत गुणसूत्रे कोण नेऊन पोहोचवते? नातीने विचारले आणि इतकी वर्षे यीस्ट हाताळूनही मला उत्तर देता आले नाही.
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर: आपल्या नातीची शंका रास्त आहे. पुस्तकातली आकृती प्राणी आणि वनस्पती यांच्या पेशींची आहे आणि त्यांच्यापुरती ती बरोबर आहे. यीस्टमध्ये गुणसूत्रांच्या वाटपाचे तत्त्व तेच असले, तरी केंद्रकावरण शेवटपर्यंत शाबूत राहते आणि गुणसूत्रे मध्यभागी नीट रांगेत उभी राहिलेली कधी दिसत नाहीत. शिवाय सगळे वाटप एका अरुंद मानेच्या आरपार करावे लागते. ही मान म्हणजे मूळ पेशी आणि कळी यांच्यामधला जेमतेम एक मायक्रोमीटर रुंदीचा भाग.

आपले पत्र वाचल्यावर मी रविवारी घरी चिमूटभर कोरडे यीस्ट कोमट साखरपाण्यात घातले आणि दोन तासांनी त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन चारशे पट मोठा करून पाहिला. पेशी लांबट गोल दिसत होत्या. काहींना ज्वारीच्या दाण्याला मोहरी चिकटावी तशी बारीक कळी होती, काहींची कळी वाढून जवळजवळ मूळ पेशीएवढी झाली होती. नातीला हे अवश्य दाखवा, कारण कळीच्या आकारावरून पेशीच्या आत काय चालले आहे ते ओळखता येते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल येथे लिलँड हार्टवेल यांनी १९७० च्या सुमारास ह्याच खुणेचा आधार घेतला. सामान्य तापमानाला नीट वाढणारे, पण ३६ अंशांना नेल्यावर विभाजनाच्या एका ठरावीक टप्प्यावर अडकणारे यीस्टचे वाण त्यांनी वेगळे काढले. कळी केवढी झाल्यावर पेशी थांबते, हे पाहून कोणते जनुक कोणत्या टप्प्याला लागते ते त्यांनी लावत नेले. या कामासाठी त्यांना २००१ साली पॉल नर्स आणि टिम हंट यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून गुणसूत्रे मात्र दिसणार नाहीत. यीस्टची पेशी साधारण पाच मायक्रोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढी असते. प्रयोगशाळेतल्या एकपट, म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या, यीस्टमध्ये सोळा गुणसूत्रे असतात. त्या सोळांतील डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे चार मिलिमीटर भरेल, म्हणजे पेशीच्या रुंदीच्या आठशे पट. (आपल्या पुडीतल्या यीस्टमध्ये गुणसूत्रांचे एकाहून अधिक संच असण्याचा संभव मोठा आहे, कारण बेकरीचे वाण बहुधा तसेच असतात. वाटपाची रीत त्यामुळे बदलत नाही, म्हणून पुढे सोळाच धरून चालू.)

विभाजनाआधी प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते आणि मूळ व प्रत, म्हणजे दोन भगिनी अर्धगुणसूत्रे, एकमेकींना बांधलेली राहतात. हे बांधण्याचे काम कोहेसिन नावाचे, कड्यासारख्या आकाराचे प्रथिन करते. मूळ पेशीत सोळा आणि कळीत सोळा अर्धगुणसूत्रे जायला हवीत, आणि प्रत्येक जोडीतली एक इकडे तर दुसरी तिकडेच गेली पाहिजे. एकीकडे सतरा आणि दुसरीकडे पंधरा झाली, तर सहसा दोन्ही पेशींचे नुकसान होते.

आता ओढणाऱ्या यंत्रणेकडे वळू. केंद्रकावरणातच दोन चकत्या रुतलेल्या असतात, त्यांना आपण ध्रुवपिंड म्हणू. प्राण्यांच्या पेशीत तारककेंद्राचे जे काम असते, तेच इथे ध्रुवपिंड करतात, फरक इतकाच की ते आवरणात पक्के बसलेले असल्यामुळे आवरण विरघळवण्याची गरज पडत नाही. दोन्ही ध्रुवपिंडांपासून सूक्ष्मनलिका निघतात. पुस्तकातले तुर्कतंतू म्हणजे ह्याच नलिका. त्या ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटा रचून बनतात, एका नलिकेत विटांच्या बहुधा तेरा उभ्या ओळी असतात आणि तिची जाडी २५ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागाएवढी भरते. दोन ध्रुवांमधल्या ह्या सगळ्या रचनेचा आकार सूत भरलेल्या टकळीसारखा, मध्ये फुगीर आणि टोकांना निमुळता असतो.

यीस्टची मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिथला हिशेब. माणसाच्या एका गुणसूत्राला पंधरा-वीस नलिका येऊन चिकटतात, पण यीस्टच्या एका अर्धगुणसूत्राला फक्त एक. बत्तीस अर्धगुणसूत्रे आणि बत्तीस नलिका, शिवाय समोरासमोरच्या ध्रुवांवरून येऊन मध्ये एकमेकींवर चढणाऱ्या आणखी सातआठ. एकूण सुमारे चाळीस नलिकांवर सारे काम भागते. नलिका गुणसूत्राला जिथे चिकटते तो गुणसूत्रबिंदूदेखील तितकाच आटोपशीर आहे: माणसात तो लक्षावधी अक्षरांचा असतो, तर यीस्टमध्ये डीएनएच्या अवघ्या १२५ अक्षरांच्या जोड्यांचा. इतका लहान असल्यामुळेच लुईस क्लार्क आणि जॉन कार्बन यांना १९८० साली तो गुणसूत्रातून वेगळा काढता आला. कोणत्याही सजीवाचा गुणसूत्रबिंदू असा प्रथमच हाती आला होता. त्या बिंदूवर पन्नासहून अधिक प्रकारच्या प्रथिनांचा जो जोड उभा राहतो, त्याला कायनेटोकोअर म्हणतात. नलिकेचे टोक पकडण्याचे काम त्याचे.

ओढते कोण, या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला पटायला वेळ लागला होता. दोरी आखडावी तशी नलिका आखडत नाही. गुणसूत्राला चिकटलेल्या टोकाशी तिच्या विटा सुटत जातात आणि ती झिजत झिजत आखूड होते. झिजताना विटांच्या ओळी केळ्याची साल सोलल्यासारख्या बाहेरच्या बाजूला वळतात. यीस्टमध्ये डॅम-१ नावाच्या प्रथिनसमूहाचे कडे नलिकेभोवती बोटातल्या अंगठीसारखे बसू शकते, हे २००५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. बाहेर वळणाऱ्या ओळी या कड्याला ध्रुवाच्या दिशेने ढकलतात, आणि कड्याला जोडलेला कायनेटोकोअर गुणसूत्रासकट मागे सरकतो. म्हणजे नलिका रचताना विटांमध्ये साठवलेली ऊर्जा ती मोडताना ओढण्याच्या कामी येते. टोक हातचे सुटू न देता झिजणाऱ्या नलिकेवर पकड टिकवणे, हे ह्या जोडाचे खरे कौशल्य आहे.

गुणसूत्रे आपापल्या ध्रुवाशी पोहोचली तरी अंतर फार पडलेले नसते, कारण तोवर दोन ध्रुवांमध्ये जेमतेम दोन मायक्रोमीटर असतात. पुढचे काम मधल्या, एकमेकींवर चढलेल्या नलिका करतात. सिन-८ आणि किप-१ ही दोन चालक प्रथिने एकाच वेळी समोरासमोरच्या दोन नलिकांना धरतात आणि त्यांना विरुद्ध दिशांना सरकवतात. रंगारी सरकत्या शिडीचे दोन भाग सरकवून ती उंच करतात, तशी ही टकळी लांबत आठ-दहा मायक्रोमीटरपर्यंत जाते. या दोहोंपैकी एक जनुक काढून टाकले तर पेशी जगते, दोन्ही काढली तर मरते. आवरण शाबूत असल्यामुळे केंद्रकही टकळीबरोबर ताणले जाते, मानेतून निघून डंबेलसारखे होते आणि अखेर मधोमध तुटून त्याची दोन केंद्रके होतात.

ही टकळी मानेच्या दिशेने वळवते कोण, हा आपल्या प्रश्नाचा उरलेला भाग. कळीची जागा आधी ठरते आणि टकळी नंतर तिकडे वळवावी लागते. ध्रुवपिंडापासून काही नलिका केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवातही निघतात. कार-९ नावाचे प्रथिन त्यांच्या टोकाशी बसते आणि मायोसिन जातीच्या एका वाहक प्रथिनाला धरते. हा वाहक ॲक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तारांवरून कळीकडे चालत जातो, त्यामुळे नलिकेचे टोकही तिकडे ओढले जाते आणि केंद्रक मानेपाशी येऊन थांबते. त्यानंतर कळीच्या आतल्या भिंतीवर रोवलेले डायनीन नावाचे प्रथिन नलिका आपल्याकडे खेचते आणि एक ध्रुव कळीत ओढून घेते. दोन ध्रुवपिंडांपैकी बहुतेक वेळा जुना कळीत जातो आणि नवा घरीच राहतो. एखाद्या वेळी टकळी चुकून संपूर्णपणे मूळ पेशीतच लांबली, तर ध्रुवपिंड कळीत पोहोचेपर्यंत विभाजन आटोपण्याचा संदेश निघत नाही आणि पेशी थांबून राहते.

मध्य प्रतलाबद्दल. १९९७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी यीस्टच्या एका गुणसूत्रावर हिरवे चमकणारे प्रथिन बसवून जिवंत पेशीचे विभाजन पाहिले. दोन भगिनींचे दोन ठिपके जवळ येत, लांब जात, पुन्हा जवळ येत, आणि मग एका क्षणी कायमचे दूर होत. गुणसूत्रे मध्यावर एका रांगेत आल्याचे मात्र त्यांना आढळले नाही. तेव्हा नातीला असे सांगा, की यीस्टमध्ये मध्य प्रतल धरायची गरजच नाही. प्रत्येक जोडी दोन्ही ध्रुवांना एकाच वेळी बांधली गेलेली असणे एवढेच पुरेसे आहे.

आणि आपल्या व्यवसायाशी संबंधित एक गोष्ट: भरपूर अन्न आणि ३० अंशांची ऊब मिळाली की यीस्टची पेशी साधारण दीड तासात दुप्पट होते, पण कणीक फुगते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइडमुळे. तेवढ्या वेळात पेशींच्या संख्येत फारशी भर पडत नाही.

प्रश्न: मी ऐरोलीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गुणसूत्रांच्या वाटपात चूक होऊ नये म्हणून पेशीत काही तपासणी असते का? आणि कर्करोगाच्या संशोधनात यीस्टचा उल्लेख वारंवार येतो, तो का?
(एक शिक्षिका, ऐरोली)

उत्तर: तपासणी असते आणि ती कडक असते. एका गुणसूत्राच्या बाबतीत यीस्टची चूक साधारण एक लाख विभाजनांत एकदा होते.

पहिली तपासणी ताणाची. दोन भगिनी विरुद्ध ध्रुवांना जोडल्या गेल्या, तर नलिका दोन्हीकडे ओढतात, कोहेसिनची कडी त्यांना सुटू देत नाहीत आणि जोडावर ताण येतो. दोघीही चुकून एकाच ध्रुवाला जोडल्या गेल्या, तर ताण येत नाही. वाळत घालायच्या दोरीची गाठ आपण ओढून पाहतो, तसेच हे आहे. ताण नसलेला जोड इपल-१ हे विकर सैल करते, नलिका सुटते आणि नव्याने जुळणी होते. बरोबर जुळणी होईपर्यंत हे चालू राहते.

दुसरी तपासणी वाट पाहण्याची. एकही कायनेटोकोअर नलिकेशिवाय राहिला असेल, तर तो थांबण्याचा संकेत देत राहतो आणि बाकीच्या पंधरा जोड्या तयार असूनही पेशी त्या एकीसाठी थांबते. या संकेताची जनुके १९९१ साली अमेरिकेत दोन गटांनी यीस्टमध्येच शोधली. एका गटात रोंग ली आणि अँड्र्यू मरे होते, दुसऱ्यात अँड्र्यू हॉइट आणि त्यांचे सहकारी. त्यांनी नलिका मोडणारे बेनोमिल हे रसायन पेशींना दिले. निरोगी पेशी थांबून राहिल्या आणि औषध धुतल्यावर पुढे गेल्या. काही बिघडलेल्या पेशी न थांबता विभाजनात शिरल्या आणि मेल्या. त्या बिघडलेल्या पेशींतून मॅड आणि बब ही जनुके हाती आली.

सगळे जोड नीट बसले की संकेत थांबतो. मग सेक्युरिन नावाचे राखणदार प्रथिन नष्ट केले जाते, त्याने अडवून धरलेले सेपरेज हे विकर मोकळे होते आणि कोहेसिनचे कडे कापते. व्हिएन्नात फ्रँक उलमन, किम नास्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली याचा सरळ पुरावा दिला. त्यांनी कोहेसिनमध्ये अशी जागा घातली, की तंबाखूच्या एका विषाणूचे विकर तिथे ते कापू शकेल, आणि थांबवून ठेवलेल्या यीस्टमध्ये ते विकर बनवायला लावले. कडी कापली जाताच भगिनी दोन्ही ध्रुवांकडे निघून गेल्या. वर्गात सांगण्यासारखा प्रयोग आहे, कारण ओढ आधीपासूनच चालू असते आणि पेशी नेमक्या वेळी फक्त बांधणी तोडते, हे त्यातून स्पष्ट दिसते.

कर्करोगाशी संबंध असा, की मॅड, बब, कोहेसिन, सेपरेज आणि इपल-१ यांची भावंडे माणसाच्या पेशींतही आहेत आणि तेच काम करतात. कर्करोगाच्या बहुतेक घन गाठींमधील पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली आढळते. आपल्याजवळच्या खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची ॲक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. कर्करोगावर असे काम चालते तिथे पेशीविभाजनाचे हे मूळ ज्ञान पायाला असते. कर्करोगावरची काही जुनी औषधेही ह्याच नलिकांवर काम करतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिनक्रिस्टिन ट्यूब्युलिनला चिकटून नलिका बनू देत नाही, आणि मग पेशी विभाजनात अडकून पडते. हे अत्यंत तीव्र औषध आहे, म्हणून सदाफुलीच्या पानांचा काढा घरी करून कोणीही घेऊ नये.

प्रश्न: कासारवडवलीत गच्चीवर गुलाब लावले आहेत. भुरीसाठी कार्बेन्डाझिम फवारतो. हे औषध बुरशीच्या पेशीतल्या दोऱ्या मोडते असे ऐकले. मग गुलाबाच्या पेशींतल्या का मोडत नाही? आणि हल्ली त्याचा गुण पूर्वीसारखा का येत नाही?
(एक वाचक, कासारवडवली, ठाणे)

उत्तर: ऐकले ते खरे आहे. वरच्या उत्तरातल्या बेनोमिलचे विघटन झाले की कार्बेन्डाझिमच उरते. बुरशीच्या बीटा-ट्यूब्युलिनला ते घट्ट चिकटते आणि नलिका वाढू देत नाही, म्हणून गुणसूत्रे वाटली जात नाहीत. वनस्पतींच्या ट्यूब्युलिनची घडण थोडी वेगळी असल्यामुळे तिथे ते नीट बसत नाही. याच्या उलटही घडते. येऊरच्या जंगलात पावसाळ्यात लाल-पिवळी कळलावी फुलते. तिच्यात असणारे कोल्चिसिन वनस्पती आणि प्राणी यांच्या नलिका मोडते, पण बेकरीच्या यीस्टवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. यीस्टवर काम करणाऱ्या प्रयोगशाळा म्हणूनच कोल्चिसिनऐवजी बेनोमिल आणि त्याच्या जातीची रसायने वापरतात.

गुण कमी येण्याचे कारणही ट्यूब्युलिनमध्येच आहे. बीटा-ट्यूब्युलिनच्या साखळीतल्या १९८ व्या किंवा २०० व्या जागेवरचे एक अमिनो आम्ल बदलले, तरी औषधाची पकड सुटते आणि नलिका मात्र व्यवस्थित चालतात. वारंवार एकच औषध मारल्यास असा बदल असलेली बुरशी तेवढी उरते आणि पसरते. दोन-तीन फवारण्यांनंतर वेगळ्या पद्धतीने काम करणारे औषध घ्यावे, उदाहरणार्थ भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक, तेही ऊन कमी असताना. रोगट पाने तोडून टाकावीत. फवारताना हातमोजे आणि मुखपट्टी असू द्यावी, आणि गच्चीवर भाजी लावली असेल तर फवारा तिच्यावर जाऊ देऊ नये.